नाव कंपनीचं, दाढी आपली

माणूस खुर्चीतून उठला की त्याच्यापाशी स्वतःचं असं काय उरतं? या प्रश्नावर आपल्या साधुसंतांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. मला मात्र त्याचं उत्तर जॉर्ज हेज नावाच्या एका अमेरिकन नटाच्या दाढीत सापडलं.

जुन्या काऊबॉयपटांत नायकाच्या मागोमाग दुसऱ्या घोड्यावरून एक बोळक्या तोंडाचा, दाढीवाला म्हातारा कुरकुरत येई. तोच हा. नायकानं गोळ्या झाडायच्या, नायिकेनं नायकाकडे बघायचं आणि यानं वटवट करायची, अशी कामाची वाटणी!

हेज 1885 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. रंगभूमीवर चार पैसे गाठीला बांधून 1928 साली तो निवृत्तही झाला होता. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि गृहस्थाला पुन्हा तोंडाला रंग लावावा लागला. घोड्यावर बसायला तो शिकला तेही म्हणे सिनेमासाठी, चाळिशी उलटल्यावर. पडद्यावरचा हा गबाळा घरी अगदी टापटिपीचा होता.

हॉपलाँग कॅसिडीच्या चित्रपटांत त्याचं नाव होतं 'विंडी'. पुढे पगारावरून बिनसलं. 1939 साली तो पॅरामाउंट सोडून रिपब्लिक कंपनीत गेला, तर 'विंडी' या नावावर जुन्या कंपनीचा हक्क! मग तो झाला 'गॅबी'. विंडी म्हणजे बाताड्या, गॅबी म्हणजे बडबड्या. पाटी बदलली, दुकान तेच. रॉय रॉजर्सच्या शेजारी तीच दाढी, तीच कुरकुर. लोकांनी लगेच ओळखलं. 1969 साली तो वारला, पण सिनेमाच्या इतिहासात गॅबीच राहिला.

आता कुणी म्हणेल, अहो, पण ती दाढीही सोंगाचीच ना? कबूल. पण ते सोंग त्यानं स्वतः घडवलं होतं. कंपनीनं त्याला फक्त नाव दिलं होतं. दिलेलं परत मागता येतं, घडवलेलं येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका साहेबांनी निवृत्तीनंतर दारावरच्या पाटीत हुद्द्याआधी 'निवृत्त' एवढाच शब्द घातलाय. कंपनीनं काढून घेतलेलं नाव त्यांनी असं मागल्या दारानं घरात आणलंय. मला त्यांना हसू येत नाही. तीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं सह्या करताना आपली दाढी कोणती, हे पाहायला सवड कुणाला मिळते?

मी तूर्त रोज सकाळी दाढी जरा जपूनच करतो. न जाणो, आपलं म्हणण्यासारखं तेवढंच असायचं!