शेजाऱ्यांचा सामना

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या दक्षिण भागात गेलिक फुटबॉलचे दोन मातब्बर क्लब आहेत. टोगरचा सेंट फिनबार्स, ज्याला सगळे नुसतं 'बार्स' म्हणतात, आणि ट्रॅबेगचा नीमो रेंजर्स. बार्सची जर्सी निळी, नीमोची काळी-हिरवी. पार्क ई क्वीव मैदानावर या दोघांचा सामना पाहायला गेलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. दोन्हीकडच्या समर्थकांना वेगळं बसवलेलं नसतं. मध्ये कुंपण नाही, पोलिसांची रांग नाही. निळा मफलर आणि काळा-हिरवा मफलर शेजारी-शेजारी बसून एकाच पंचावर ओरडत असतात, अर्थात अगदी उलट कारणांसाठी.

खेळ मात्र मुळीच सौम्य नाही. पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळायचं, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यायचा, आणि हे सगळं खांद्याला खांदा भिडत असताना. आडव्या दांडीखालून चेंडू गेला की गोल, म्हणजे तीन गुण; वरून गेला की एक. 2025 पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन.

या चुरशीला इतिहासाचं वजन आहे. बार्सची स्थापना 1876 ची, म्हणजे 1884 मध्ये थर्ल्स गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन जन्मली त्याच्याही आधीची. हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवणारा तो पहिला क्लब. नीमो 1922 चा, दोन क्लब एकत्र येऊन झालेला. त्याच्याकडे फुटबॉलची सात अखिल आयर्लंड विजेतेपदं आहेत. 2017 मध्ये कॉर्कच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत हे दोघे बरोबरीत अडकले, सामना पुन्हा खेळवावा लागला आणि नीमो जिंकला.

इतकी ईर्षा असूनही कुंपण का लागत नाही? आयरिश माणसं स्वभावानेच भली आहेत, हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते कारण रचनेत आहे. इथे खेळाडू विकत घेतले जात नाहीत. माणूस ज्या भागात वाढला तिथल्या क्लबसाठी खेळतो, तेही विनामोबदला, आणि सोमवारी कामावर जातो. त्याला अडवणारा बचावपटू त्याच्याच शाळेतला असू शकतो, भावी मेहुणाही. शिवाय या क्लबांच्या वर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा संघ आहे. 1973 मध्ये कॉर्कने गॉलवेला हरवून 1945 नंतर प्रथमच अखिल आयर्लंड फुटबॉल करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार आणि गोलरक्षक होता नीमोचा बिली मॉर्गन. आणि अंतिम सामन्यात दोन गोल केले बार्सच्या एकोणीस वर्षांच्या जिमी बॅरी-मर्फीने. ज्याच्याशी क्लबसाठी झुंजायचं, त्याच्याच साथीने कॉर्कच्या लाल जर्सीत उतरायचं असतं. अशा माणसाला कायमचा शत्रू करणं परवडत नाही.

या आपलेपणालाही काळी बाजू होती, हे लपवू नये. सॉकर किंवा रग्बीसारखे 'परके' खेळ खेळणाऱ्या, इतकंच काय ते बघायला जाणाऱ्या सभासदालाही संघटना बाहेर काढत असे. हा नियम 1971 पर्यंत टिकला. आपलं कोण हे ठरवताना परकं कोण याची यादी बनवायची खोड कुठल्याही समाजाला लागू शकते. आज कॉर्कमध्ये आपल्याकडून गेलेली कुटुंबंही राहतात. त्यांच्या मुलांना कुठल्या वंशाची म्हणून नव्हे, तर या वस्तीत राहतात म्हणून जर्सी मिळावी. क्लबचा पाया वस्ती हाच असेल, तर ही मागणी त्याच्या तत्त्वाबाहेरची नाही.

या रचनेला खरा धोका पैशाचा आहे. बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकांना गुपचूप पैसे दिले जातात, अशी चर्चा आयर्लंडमध्ये बरीच वर्षं चालू आहे. खेळाडू फुकट घाम गाळतो, मैदानावर रेषा आखणारा, मुलांना सरावाला नेणारा फुकट राबतो, आणि त्यांच्याच वर्गणीतून कुणाच्या तरी हाती पाकीट पडतं, हे मला अन्यायाचं वाटतं. संघटनेने याकडे डोळेझाक केली, तर उद्या खेळाडूही मोल मागतील, आणि त्यांना चूक म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे उरणार नाही.