माहीत असून गप्प बसायचं?

वर्षाचे तास ८,७६०. मधुमेह असलेला माणूस त्यातले किती तास डॉक्टरसमोर घालवतो? तीन महिन्यांनी एकदा पंधरा मिनिटं धरली, तर वर्षाचा एक तास. उरलेल्या ८,७५९ तासांत काय खायचं, गोळी कधी घ्यायची, चालायला जायचं की आज राहू दे, पायाच्या जखमेकडे बघायचं की नाही, हे सगळं तो स्वतःच ठरवतो. त्यामुळे 'रुग्णाने आपला मधुमेह स्वतः सांभाळावा का?' हा प्रश्नच उरत नाही. बरा-वाईट कसाही असो, तो सांभाळतोच आहे. प्रश्न आहे तो त्याला मदत करणाऱ्याचा. त्याने नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे: सांगायचं. भात बंद, साखर बंद, रोज पाऊण तास चाला. डॉक्टर सांगतात, शेजारचे काका सांगतात, व्हॉट्सॲप सांगतं. यातली भाषा बघा. पथ्य 'मोडलं' जातं. आजोबांना लग्नात जिलबी खाताना 'पकडलं' जातं. रिपोर्ट चांगला आला तर शाबासकी, वाईट आला तर बोलणी. ही भाषा दवाखान्यापेक्षा पोलीस चौकीत जास्त शोभेल. आणि जिथे बोलणी बसतात तिथे माणूस लपवतो. तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळून 'फास्टिंग' चांगली आणणारं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून तिला असं फसवता येत नाही. पण मशीनला फसवता आलं नाही म्हणजे माणूस खरं बोलू लागला, असं होत नाही.

आता याच्या उलट टोकाचं एक उदाहरण. ब्रिटनमध्ये 'डेसमंड' नावाचा कार्यक्रम आहे. टाइप २ मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्यांसाठी गटात घेतलेलं सहा तासांचं शिक्षण. ते घेणाऱ्या नर्स किंवा आहारतज्ज्ञ असतात, पण आधी त्यांना वेगळं प्रशिक्षण मिळतं, कारण तिथे शिक्षिका म्हणून नाही, फॅसिलिटेटर म्हणून उभं राहायचं असतं. तिचं सत्र तपासायची पद्धत मला फार आवडली. निरीक्षक दर दहा सेकंदांनी नोंद करतो: या क्षणी कोण बोलतंय? फॅसिलिटेटर, की समोरचे लोक? की शांतता आहे, की हशा? २००८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फॅसिलिटेटर जिथे कमी बोलली, तिथे लोकांच्या आजाराविषयीच्या समजुती जास्त बदलल्या.

म्हणजे वर्षानुवर्षं शिकून ज्ञान मिळवलेल्या बाईंना पुन्हा प्रशिक्षण द्यायचं, ते कमी बोलण्याचं.

हे प्रत्यक्षात कसं दिसेल? समजा कुणी विचारलं, "उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालेल ना?" फॅसिलिटेटरला माहीत आहे की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ती लगेच 'नाही' म्हणू शकते. त्याऐवजी ती विचारते, "तुम्हाला काय वाटतं? खाल्ल्यावर शुगरचं काय होत असेल? कसं बघता येईल?" गटातलंच कुणीतरी म्हणतं, खायच्या आधी मोजा आणि दोन तासांनी मोजा. पुढच्या एकादशीला ते मोजलं जातं. आता खिचडीचा आकडा त्या माणसाचा स्वतःचा आहे, कुणी लादलेला नाही. कोड लिहिणाऱ्याला हे लगेच पटेल. दुसऱ्याने सांगितलेला बग आपण विसरतो, स्वतः शोधलेला आयुष्यभर लक्षात राहतो.

पण इथेच नैतिक अडचण सुरू होते. मला उत्तर माहीत आहे, समोरच्याला त्याची गरज आहे, आणि मी ते रोखून धरतो. हा आदर आहे की जबाबदारी झटकणं?

एक प्रसंग कल्पून बघा. टाइप १ मधुमेह असलेला मुलगा म्हणतो, "मी आता इन्सुलिन बंद करून काढा घेणार आहे." इथे "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत बसणं हा गुन्हा ठरेल. इन्सुलिनशिवाय टाइप १ चा माणूस काही दिवसांत मृत्यूच्या दारात जाऊ शकतो. हे त्याला स्पष्ट, लगेच आणि शब्द न फिरवता सांगायलाच हवं. म्हणजे गप्प बसणं हे तत्त्व होऊ शकत नाही.

मला वाटतं, इथे दोन प्रकारचं ज्ञान वेगळं करावं लागतं. साबुदाण्यात काय असतं, इन्सुलिन काय करतं, पायाची बधिरता कशाची खूण आहे, हे फॅसिलिटेटरला माहीत असतं. यातलं काहीही लपवून ठेवायचा तिला अधिकार नाही. खिचडीसारखी गोष्ट माणसाला स्वतः शोधून काढायला लावावी, कारण थांबण्याने बिघडत काही नाही. जिथे थांबण्यात धोका आहे, तिथे सांगून टाकावं. दुसरं ज्ञान मात्र तिच्याकडे नसतंच. समोरचा वॉचमन रात्रपाळी करतो आणि पहाटे चारला त्याच्या हाताशी फक्त वडापाव असतो. समोरच्या सूनबाईंना घरात काय शिजणार हे ठरवायची मुभा नाही. ग्लुकोमीटरच्या प्रत्येक पट्टीला पैसे पडतात, आणि महिनाअखेरीला ते नसतात. हे ज्ञान फक्त समोरच्याकडे आहे. फॅसिलिटेटर सतत बोलत राहिली तर ते खोलीत येणारच नाही. आणि त्याच्याशिवाय दिलेला सल्ला अचूक असूनही निरुपयोगी ठरतो. दहा-दहा सेकंद मोजायचे ते यासाठी.

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे. 'स्वतः सांभाळा' हे वाक्य सहज उलटतं. आज 'निर्णय तुमचा', उद्या 'मग दोषही तुमचा'. व्यवस्थेला हे सोयीचंच आहे. शिबिर घेतलं, माहिती दिली, आता पाय कापावा लागला तर आम्ही काय करणार?

सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची पद्धत आहे. सिस्टिम कोसळली की 'कुणी केलं?' असं न विचारता 'कसं घडलं?' असं विचारायचं. यामागे चांगुलपणापेक्षा व्यवहार जास्त आहे. दोषी शोधत बसलं की लोक माहिती दडवतात, आणि दडवलेल्या माहितीवर काही दुरुस्त होत नाही. शरीराच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. तेच जेवण, तोच डोस, तरीही ताप, कमी झोप किंवा ताण यांमुळे शुगर वेगळी येऊ शकते. मीटरवरचा आकडा हा मार्क नाही, लॉगमधली एक ओळ आहे. निर्णय सोपवताना दोष सोपवायचा नाही, आणि वाईट आकडा घेऊन माणूस परत आला तर त्याच्याबरोबर बसून तो वाचायचा, हे त्या प्रशिक्षणातून उतरत नसेल तर बाकी सगळं तंत्र फसवं आहे.

एवढं करून हाती काय लागतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर आकडे जरा निराश करतात. डेसमंडच्या चाचणीत ८२४ लोक होते. एका वर्षानंतर एचबीए१सी दोन्ही गटांत सुधारली होती, दोघांत लक्षणीय फरक नव्हता. शिक्षण मिळालेल्यांचं वजन जास्त घटलं, धूम्रपान कमी झालं, नैराश्य कमी दिसलं. तीन वर्षांनी टिकून राहिलेला फरक प्रामुख्याने एकच होता: आपल्या आजाराची समज.

एखादा मॅनेजर विचारेल, मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं की, स्वतःच्या शरीरात काय चाललंय हे कळणं हे शुगर पाडायचं निव्वळ साधन नाही. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरवलं तर आपण 'का?' विचारतो आणि समजून घेऊन सही करतो. समजून घेतल्याने ऑपरेशन अधिक यशस्वी होतं का, असं कुणी विचारत नाही. समजून घेणं आपला हक्क आहे. ज्याला रोज स्वतःच निर्णय घ्यावे लागतात, त्याचा तर जास्तच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अंदाजानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढे डॉक्टर आपल्याकडे नाहीत, त्यामुळे हे काम शेवटी आशाताईंसारख्यांकडेच येणार. त्या आत्ताही तिशीपुढच्या लोकांचा फॉर्म भरतात: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. मानधनावर गावभर फिरणाऱ्या बाईंकडून याहून जास्त मागायचं असेल, तर त्यांना आधी वेळ आणि पैसे द्यावे लागतील. समोरच्याला बोलू देण्यात गेलेली दहा मिनिटं त्या फॉर्ममध्ये कुठेच दिसत नाहीत. ती दहा मिनिटंही कामातच धरली जातील, असं आधी कुणीतरी ठरवायला हवं.