इयत्ता आणि वाढ

मराठीत शाळेतील वर्गाला ‘इयत्ता’ म्हणतात. शब्द संस्कृत आहे. ‘इयत्’ म्हणजे ‘इतके’ आणि ‘इयत्ता’ म्हणजे ‘इतकेपणा’, परिमाण, मर्यादा. मूल पाचव्या इयत्तेत आहे असे सांगणारा त्या मुलाचे एक मापच नकळत उच्चारत असतो. शेजारच्या कन्नडात वर्गाला ‘तरगती’ म्हणतात. त्या शब्दात मापाचा हा ध्वनी नाही. मराठी शाळेने आणखी एक शब्द घडविला : ‘प्रगतिपुस्तक’. नावात गती आहे, पण पुस्तक उघडले की दिसते ती स्थिती. अमुक विषयात शंभरांपैकी बेचाळीस. हे बेचाळीस गुण मिळविणारे मूल मागच्या वर्षी बारांवर होते की सत्तरांवर, याविषयी ते पान मौन पाळते. एखाद्या मुलाने वर्षभरात कापलेले अंतर हेच शिक्षणाचे खरे फलित मानले, तर जे मोजायचे ते आजवर बहुधा मोजलेच गेले नाही, असे म्हणावे लागते.

मुलांच्या या वाढीची आकडेवारी ठेवावी, आणि तिच्या आधारे शाळेचे व शिक्षकाचे मूल्यमापन करावे, हा विचार गेल्या तीन दशकांत जगभर प्रबळ झाला. वरवर पाहता तो प्रशासनाचा विषय आहे. त्याच्या पोटात मात्र एक जुना नैतिक प्रश्न दडला आहे : एकाच्या ठिकाणी घडलेल्या बदलाचे श्रेय वा दोष दुसऱ्याच्या पदरात कोणत्या न्यायाने घालावा? या प्रश्नाचा वेध घेण्यास बेंगळूरुइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेचा कारभार येथील मल्लेश्वरम भागातून चालतो. बेळगाव आणि बीदर जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या शाळांत शिकणारी मुलेही अखेर येथेच मोजली जातात. त्यांचा प्रथम भाषा मराठीचा १२५ गुणांचा पेपर याच मंडळाच्या हिशेबात जमा होतो.

२०२४ साली या परीक्षेचा निकाल ७३.४० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८३.८९ टक्के होता. दरम्यान परीक्षागृहांत कॅमेरे बसवून तेथील दृश्य थेट पाहण्याची व्यवस्था झाली होती. निकाल फारच कोसळू नये म्हणून वाढीव गुणांची मर्यादा दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेली गेली, तरीही ही घट झाली. उडुपी जिल्हा ९४ टक्क्यांनी पहिला आला आणि यादगीर ५०.५९ टक्क्यांनी शेवटचा. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत जिल्ह्यांची ही उतरंड छापली गेली आणि तळाच्या जिल्ह्यातील शिक्षक आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. उडुपी किनाऱ्यावरचा, जुन्या साक्षरतेचा, सुस्थित जिल्हा. यादगीर हा २००९ च्या अखेरीस गुलबर्ग्यातून वेगळा झालेला, कोरडवाहू शेतीचा आणि स्थलांतराचा जिल्हा. दोन्हीकडची मुले शाळेच्या पहिल्या दिवशी एकाच रेषेवर उभी नसतात. असे असता शेवटच्या दिवसाच्या गुणांवरून दोन्हीकडच्या शिक्षकांची तुलना करणे म्हणजे एकाने पायथ्यापासून आणि दुसऱ्याने अर्ध्या वाटेवरून गड चढावा, आणि वर आधी कोण पोचला एवढेच पाहावे, तसे आहे.

वाढीच्या मापनामागची प्रेरणा या अन्यायाच्या जाणिवेतून आली, हे तिच्या टीकाकारांनी विसरू नये. मराठी शिक्षणचर्चेत आकडा म्हटला की नाक मुरडण्याची एक रीत आहे. शिक्षण ही साधना, तिला मोजमाप कसले, असा तिचा सूर असतो. हा सूर बहुधा सुस्थितांच्या घरातून उमटतो. ज्याच्या मुलाला चौथीत असूनही वाचता येत नाही, त्या बापाला साधनेचे माहात्म्य सांगणे ही क्रूर थट्टा आहे. वाढ मोजली तर दुष्काळी गावातील एखादी शिक्षिका, जिची मुले शून्यावरून तीसपर्यंत आली, प्रथमच दिसू लागते. एरवी ती नापास शाळेची शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाली असती.

बेंगळूरुच्या अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने २००२ पासून कर्नाटक शासनासमवेत ईशान्येकडील जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या मागास पट्ट्यात, ‘अध्ययन हमी’चा कार्यक्रम चालविला. शाळांनी स्वेच्छेने पुढे यावे, मुलांची तटस्थ परीक्षा व्हावी आणि कसोटीला उतरलेल्या शाळांचा गौरव व्हावा, असे त्याचे स्वरूप होते. याहून धीट प्रयोग २००५ पासून आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांच्या या अभ्यासाची प्रत्यक्ष अंमलबजावणी याच प्रतिष्ठानाने केली. ग्रामीण भागातील सरकारी प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने निवडून त्यांतील काहींत बक्षिसाची योजना लागू झाली. वर्षारंभी एक चाचणी, वर्षाखेरीस दुसरी. मुलांच्या सरासरी गुणांत ठरावीक मर्यादेपुढे जी वाढ होईल, तिच्या दर टक्क्यामागे शिक्षकाला पाचशे रुपये. दोन वर्षांनी बक्षिसाच्या शाळांतील मुले इतर शाळांतील मुलांच्या पुढे गेलेली आढळली, गणितात अधिक आणि भाषेत काहीशी कमी. ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्या विज्ञानात आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. शिक्षकांची गैरहजेरी घटली नव्हती. मात्र हजर असलेले शिक्षक जादा तास घेत होते, गृहपाठ देत होते. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे फळ नाकारण्याचे कारण नाही. गरीब मुलाला अधिक गणित येऊ लागले, ही गोष्ट कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा वजनदार आहे. ज्यांना ‘पैशासाठी शिकविणे’ हीन वाटते त्यांनी, न शिकविता पगार घेणे त्यांना कसे वाटते, हेही सांगावयास हवे. परंतु प्रयोगाने एका प्रश्नाचे उत्तर दिले, ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे असे मानण्याची घाई होते. बक्षीस ठेवल्याने शंभर शाळांची सरासरी वाढली, हे त्यातून दिसते. अमुक एका शिक्षिकेच्या वर्गाची वाढ कमी दिसली म्हणून तिने कमी शिकविले, हे त्यातून निघत नाही.

न्यायशास्त्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कारणविचाराचे एक परिचित उदाहरण मिळते ते घटाचे. माती हे समवायी कारण. कुंभार, दंड, चक्र ही निमित्तकारणे. त्याखेरीज काळ, दिशा, अदृष्ट अशी सर्वच कार्यांना साधारण असणारी कारणेही नैयायिक मानतो, आणि ‘करण’ ही पदवी असाधारण कारणालाच देतो. आधुनिक संख्याशास्त्र वेगळ्या भाषेत हाच उद्योग करते : घर, गाव, पूर्वीचे गुण यांचा वाटा वजा करावा आणि उरेल तो शिक्षकाचा म्हणावा. अमेरिकेतील टेनेसी राज्याने नव्वदच्या दशकात ही रीत स्वीकारली. तिचे जनक विल्यम सँडर्स हे कृषिक्षेत्रात काम केलेले संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या गणिताची मुळे पशुपैदाशीच्या अभ्यासात होती. यात हिणविण्यासारखे काही नाही. वळूच्या गुणांचा अंदाज त्याच्या संततीवरून घेणे ही शास्त्रशुद्ध रीत आहे. फरक इतकाच की वासराला, आज आपण वळूची परीक्षा देत आहोत, हे ठाऊक नसते. आणि घटाचे उदाहरणही येथे अपुरे पडते, कारण या ठिकाणी मातीला स्वतःची इच्छा आहे. मूल शिकते, ते शिकविले जात नाही. कर्तृत्व त्याचे आहे. शिक्षक त्या कर्तृत्वाचे निमित्त होतो, आणि कधी कधी अडथळाही.

अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेनेच २०१४ साली सावध केले की, विद्यार्थ्यांच्या गुणांतील तफावतीपैकी शिक्षकांमुळे पडणारा भाग बहुतेक अभ्यासांत एक ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान आढळतो. न्यूयॉर्क राज्यातील चौथीच्या एका शिक्षिकेला वाढीच्या मापावर एका वर्षी वीसपैकी चौदा गुण मिळाले आणि पुढल्या वर्षी वीसपैकी एक. ती न्यायालयात गेली. २०१६ साली न्यायाधीशांनी तिचे ते गुणांकन मनमानी ठरवून रद्द केले. आपल्याकडील खेड्यातल्या शाळेत हा हेलकावा अधिकच मोठा असणार. वर्गात आठ मुले आहेत अशी कल्पना करावी. त्यांतील एक, ज्याला चाळीस गुण मिळाले असते, तापाने फणफणत परीक्षेला बसले आणि शून्य गुण घेऊन उठले, तर वर्गाची सरासरी पाचाने घसरते. टक्क्याला पाचशे या दराने शिक्षकाचे अडीच हजार गेले. त्या संध्याकाळी शिक्षक त्या मुलाच्या घरी विचारपूस करायला जाईल, तेव्हा त्याच्या मनात ताप असेल की अडीच हजार? बहुधा दोन्ही, आणि ते दोन्ही एकत्र असणे हीच नवी गोष्ट आहे.

आकड्याची अचूकता वाढविता येईल. अनेक वर्षांची सरासरी घेता येईल, मोठे नमुने घेता येतील. पण अचूकता पूर्ण झाली तरी उरणारा प्रश्न हा की, ज्या मापावर शिक्षकाची भाकरी अवलंबून आहे ते माप म्हणजे एक मूल आहे. मूल्यमापनाच्या क्षणी मूल हे शिक्षकाच्या बाजूचे वा विरुद्ध बाजूचे साक्षीदार होते. सीमाभागातून वा बीडकडून ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. त्यांच्या मुलाने वर्षारंभीची चाचणी दिलेली असते, वर्षाखेरीची चुकते. त्याला हिशेबातून वगळावे, तर ते न परतलेले बरे असे शिक्षकाला वाटू लागते. त्याची वाढ शून्य धरावी, तर दुष्काळाचा आणि मुकादमाच्या उचलीचा दंड शिक्षकाने भरावा लागतो. तिसरा मार्ग गणितात नाही. एरवी त्या मुलाला वसतिगृहात ठेवून घेण्यासाठी खटपट करणारे शिक्षक आजही गावोगाव आहेत. त्यांच्या खटपटीला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

हा पेच नवा नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान हजेरी आणि वाचन-लेखन-अंकगणिताच्या वार्षिक परीक्षेशी बांधले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना टीकाकार म्हणून परिचित असलेले मॅथ्यू अर्नल्ड हे पोटासाठी शाळातपासनीस होते, आणि १८५१ पासून पस्तीस वर्षे त्यांनी ते काम केले. या संहितेला त्यांनी त्याच वर्षी लेखणीने विरोध केला. मुले वाचनाचे पुस्तक पाठ करतात आणि तपासनीसापुढे ‘वाचतात’, हे त्यांनी पुढे प्रत्यक्ष पाहिले. वाचनाचे सोंग आणि वाचन यांतला भेद ओळखण्यासाठी टीकाकाराचाच कान हवा होता, असे वाटते.

मुंबई इलाख्यातही साठच्या दशकापासून निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली होती. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका आजच्या दोन्ही पक्षांना पेचात टाकणारी आहे. शिक्षकाला पुरेसे वेतन हवे, ते बारा रुपयांहून कमी कधीच असू नये, असे त्यांनी मागितले. जे खेड्यातील शिक्षक पुष्कळ मुलांना उत्तीर्ण करतील त्यांना वेतनाखेरीज काही विशेष भत्ता उत्तेजनार्थ द्यावा, असेही त्यांनी सुचविले. म्हणजे कामगिरीचा गौरव त्यांना वर्ज्य नव्हता. मात्र निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अज्ञानी समाजात शिक्षण पसरविण्यास मुळीच योग्य नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. जेथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे अशा उत्पन्नाच्या भरवशावर कोण शाळा काढील, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. आयोगाने प्राथमिक शिक्षणासाठी तरीही तेच तत्त्व उचलून धरले. सरकारने ते सोडले १९०४ च्या ठरावाने.

फुल्यांच्या विधानांत विसंगती शोधणारे शोधोत. भत्ता वेतनाच्या वर आहे आणि अनुदान वेतनाच्या जागी, हा त्यांतील भेद शाळा चालविलेल्या माणसाला दिसतो. भत्ता हुकला तर शिक्षक हळहळेल, पण उद्याही त्याच दारात उभा असेल. अनुदान हुकले तर दारच बंद होईल, आणि ज्यांना घरी कोणी शिकविणारे नाही त्यांच्याच गावात ते आधी बंद होईल. वाढीचे माप शिक्षकाच्या हाती देणे, त्याला आपल्या वर्गात कोण कोठे अडले ते कळावे म्हणून देणे, हे एक; तेच माप त्याच्या बदलीच्या, नोटिशीच्या फाइलीत घालणे हे दुसरे. महाराष्ट्रात २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातील पायाभूत चाचणी शिक्षकाने स्वतः घ्यायची आणि गुणही स्वतःच नोंदवायचे होते. तिचा हेतू पहिला होता. शाळा ‘प्रगत’ ठरविण्याची घाई झाली तेथे तो दुसऱ्याकडे सरकला. परीक्षागृहात कॅमेरा आणावा लागतो तो याच सरकण्यामुळे. आंध्रचा प्रयोग चालविणाऱ्या बेंगळूरुच्या प्रतिष्ठानाने पुढे आपला भर शिक्षकांच्या घडणीवर नेला आणि २०१० साली त्यासाठी विद्यापीठ स्थापन केले, हीही या संदर्भात ध्यानी घेण्याजोगी घटना आहे.

यादगीरसारख्या जिल्ह्यात शाळेतील जागा रिकामी असते तेव्हा जूननंतर केव्हातरी अतिथी शिक्षक नेमला जातो, मासिक मानधनावर, वर्षापुरता. जूनमधली चाचणी कोणीतरी दुसऱ्याने घेतलेली असते. वर्षाखेरीची तो घेतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मोकळा होतो. मुले त्या वर्षात वाढलेली असतात. ती वाढ कोणाच्या नावावर लिहावी, याचा निर्णय मल्लेश्वरमच्या कचेरीत होऊ शकत नाही.