उत्सवी भोजन आणि जीवऋण

टोकियोतील त्सुकिजी येथे, समुद्रात भराव घालून जमीन तयार होत असता इ. स. १६५९ मध्ये स्थापन झालेले नामियोके इनारी हे शिंतो देवस्थान आहे. त्याच्या आवारात कोळंबीच्या, अंड्यांच्या आणि खुद्द सुशीच्या नावाने स्मारकशिळा उभ्या असून, ज्या जिवांवर आपला उदरनिर्वाह चालतो त्यांचे स्मरण राहावे म्हणून त्या उभारलेल्या आहेत. घाऊक मासळीबाजार २०१८ साली तोयोसूला हलला, शिळा मात्र जागच्या जागी राहिल्या. आजूबाजूच्या गल्ल्यांतील सुशीगृहांत गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडताच सारे आचारी एका सुरात स्वागताची आरोळी देतात, 'कान्पाइ'च्या गजरात पेल्याला पेला भिडतो आणि परक्या माणसांच्या पंक्तीला घटकाभरात लग्नघराची कळा येते. स्मारक आणि जल्लोष यांचा हा शेजार पाहिला, की दुसऱ्याचा प्राण घेऊन सिद्ध झालेले अन्न हसतखेळत खाणे धर्म्य आहे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. माशाने प्राण दिला, असे म्हणून मनाचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. त्याने तो दिलेला नसतो, आपण घेतलेला असतो.

बौद्ध प्रभावाखाली सम्राट तेम्मूने इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसाला मनाई करणारे फर्मान काढले. मासळीला त्यातून मुभा राहिली. करुणेची वेस पाण्याच्या काठाशी का थांबावी, याचे तात्त्विक उत्तर मला तरी सापडत नाही. तेराव्या शतकातील झेन आचार्य दोगेन यांनी भिक्षूंना मौनाने, भांड्याचाही आवाज न करता जेवण्याची शिस्त घालून दिली. उलट शिंतो उपासनेत 'नाओराइ' हा विधी आहे. देवापुढे ठेवलेला नैवेद्य आणि मद्य सर्वांनी मिळून सेवन करावे, आणि त्या सहभोजनातला आनंद हाच पूजेचा शेवटचा उपचार मानावा.

माझा कौल नाओराइच्या बाजूने पडतो. मौनातही माणूस बेसावध जेवू शकतो, आणि मला अनादर दिसतो तो त्या बेसावधपणात. आचाऱ्याचे हात पाहावेत : ओल्या तळव्यावर अंगाइतक्या उबेचा भाताचा मुटका घेऊन, माशाच्या कापाला वासाबीचे बोट लावून, दोन बोटांच्या हलक्या दाबाने तो घास सांधतो आणि पुढे ठेवतो. तो घास थांबत नाही. म्हणून मोठ्याने बोलणारा पाहुणाही वाक्य अर्धवट टाकून आधी तो उचलतो. बसताना हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणण्याचा तिकडील रिवाज आणि पानाभोवती चित्राहुती घालण्याचा आपला परिपाठ, यांत मला एकच कबुली दिसते, की पहिल्या घासाआधी आपण कोणाचे तरी देणेकरी झालेलो आहोत.

परंतु देणे कबूल करणे म्हणजे फारखत मिळणे नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये तोयोसूच्या लिलावात २७८ किलोचा एक निळपंखी ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. त्याच जातीची संख्या पूर्वी इतकी खालावली होती, की २०१५ पासून पश्चिम व मध्य पॅसिफिकमध्ये तीस किलोखालील ट्यूनाची पकड २००२ ते २००४ च्या सरासरीच्या निम्म्यावर आणावी लागली. त्या बंधनाखाली किनाऱ्यावरच्या लहान कोळ्यांनी जे सोसले, ते मला शिळेपुढील कोणत्याही मंत्रपठणाहून थोर वाटते. कारण ऋणाची फेड प्रथम तेथे सुरू झाली, शब्दांत नव्हे तर हातच्या उत्पन्नात. ट्यूना सावरला, ठरल्या मुदतीच्या पुष्कळ आधी सावरला, आणि २०२५ पासून पकडीचा वाटाही वाढवून मिळाला. आता ज्या पंक्तीत पेले पुन्हा भिडतील, तिथल्या यजमानाने 'आणखी आणा' म्हणून हात वर करण्यापूर्वी हा वाढीव वाटा पुरता उचलावा की त्यातला काही समुद्रातच राहू द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही आयोगाकडे नाही, त्याच्याकडेच आहे.