गिलाव्याखालची भिंत

दिवाळी तोंडावर आली, की घराला हात फिरवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. भिंतींना रंग लागतो, कोनाडे पुसले जातात, उंबरा उजळतो. स्वतःच्या घराला आपण रंग देतो तेव्हा त्यात फसवणूक नसते. रंगाखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक असते. पण दुसऱ्याला भाड्याने द्यायच्या घराला रंग देताना मन तितकेच निर्मळ राहते का? हा प्रश्न मला पुण्यातल्या आमच्या कसब्यातल्या वाड्याने घातला.

वाडा काही मोठा नव्हे. वडिलांच्या मागे खालचे चार खण माझ्या वाट्याला आले. जोते काळ्या दगडाचे, त्यावर लाकडी सांगाडा आणि मधल्या भिंती विटामातीच्या, चुन्याने लिंपलेल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीजवळच्या पेठांतली मातीची कितीतरी घरे पाण्यात बसली. आमचे जोते उंच म्हणून वाडा वाचला, असे आजी सांगत असे.

शिक्षकाच्या पगारात वाडा सांभाळणे जड जाऊ लागले, म्हणून मागच्या दोन खोल्या नीट करून भाड्याने द्याव्यात असे ठरले. गवंडी आला. मागची भिंत कमरेपर्यंत ओली होती, तिला लोणा लागला होता. त्याने सरळ सांगितले, “मास्तर, दोन रस्ते आहेत. सगळा गिलावा खरवडायचा, पाणी कुठं मुरतंय ते शोधायचं, उन्हाळाभर भिंत वाळू द्यायची आणि मग पुन्हा चुना. नाहीतर वरून सिमेंट मारू, रंग देऊ. दोन पावसाळे कोणी विचारणार नाही.”

मी दुसरा रस्ता धरला. पैसे बेताचे होते, आणि रिकामी खोली दर महिन्याला किती भाडे बुडवते हा हिशेब मला तोंडपाठ होता. वाचलेल्या पैशांत चकचकीत फरशी बसवली. घर पाहायला येणारा फरशी पाहतो. भिंतीच्या पोटात कोणी डोकावत नाही.

अकरा महिन्यांच्या करारावर एक कुटुंब आले. नवरा रिक्षा चालवी, बाई एका दवाखान्यात कामाला, मुलगी सातवीत. करार एकदा वाढवलाही.

जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर निघून जाते. सिमेंट तिला कोंडते. कोंडलेली ओल मग वर चढते आणि लाकूड गाठते. दुसऱ्या पावसाळ्यात ती छातीच्या उंचीवर उमटली. फडताळातल्या मुलीच्या वह्यांना बुरशी आली. मी गेलो तेव्हा बाई अपराध्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, आमच्याच हातून मोरीत पाणी जास्त सांडत असेल. पोरीला सांगते जपून वापरायला. रंग खराब झाला, तो डिपॉझिटमधून कापून घ्या.”

मी खोटे बोललो नव्हतो. त्यांनी विचारले नव्हते, मी सांगितले नव्हते, इतकेच. पण अर्ध्या सत्याने धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. आता ती कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मालकाची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जिथल्या तिथे गोठली. वर्षाच्या भाड्यात कौले शाकारून होत नसत. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच इतकी थोडी, की तिचे चार टक्के ते काय! दुरुस्तीवाचून किती वाडे असेच खचले. पण ही ढाल माझ्या कामाची नव्हती. मी भाडे आजच्या भावाने घेत होतो.

भाडेकरू भाडे कशाचे देतो? विटांचे नव्हे. रात्री निर्धास्त पाठ टेकता यावी, याचे देतो. मालकाने झाकलेला दोष त्याला नुसते नुकसान करीत नाही. तो त्याला चोर ठरवतो. जी चूक माझी होती, तिच्यासाठी त्या बाई स्वतःच्या मुलीला रागे भरत होत्या. याची भरपाई कोणत्या डिपॉझिटमधून करावी?

मी त्यांना खरे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “मग इतके दिवस का नाही सांगितलंत?” मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिमेंट उतरवले. मोरीचा नळ भिंतीतच फुटलेला निघाला. तुळईचे एक टोक कुजले होते, सुताराने तिथे सागवानी तुकडा जोडला. दोन महिने ते कुटुंब आमच्या पुढच्या खोलीत राहिले. त्या महिन्यांचे भाडे घेतले नाही. खर्च पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. आता भिंतीवर साधा चुना आहे, थोडा खडबडीत.

यंदा नवा करार झाला. सही करण्याआधी बाई उठल्या, भिंतीशी गेल्या आणि तळवा टेकवून पाहिला. मला राग आला नाही. पण बरेही वाटले नाही.