डोळ्यांची साक्ष

काळा वर्ण नि कुरळे केंस दिसले, कीं मूळ आफ्रिकेचें, असा निवाडा करण्यास आपल्याला क्षणही लागत नाहीं. अंदमानचे ओंगी, मलायांतील सेमांग आणि फिलिपाइन्सचे आएता यांना एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय पंडितांनीं ‘नेग्रिटो’ या एकाच नांवाखालीं कोंबलें, तें याच न्यायानें. पुढें २००३ सालीं हैदराबादच्या संशोधकांनीं अंदमानी लोकांचें आनुवंशिक द्रव्य तपासलें, तों ते आफ्रिकेपेक्षां आशियांतील जनांनाच जवळचे ठरले! २००९ च्या संशोधनानें तर बहुतेक भारतीय समाजांत मिसळलेल्या दोन प्राचीन पूर्वजशाखांपैकीं एकीचें ओंग्यांशीं दूरचें नातें दाखविलें. ‘वधू गोरी पाहिजे’ असें छापविणाऱ्या घरांनीं हें ऐकून ठेवावें.

परंतु मला टोंचणी आहे ती निराळीच. हें नातें निघालें नसतें, तर ओंगी आपले कोणीच नव्हते काय? आपुलकीसाठीं रक्ताचा दाखला मागणें म्हणजे नाकें मोजून वंश ठरविणाऱ्या रिस्लेसाहेबाचाच गज आपल्या हातीं धरणें होय. २०११ च्या खानेसुमारींत ओंगी अवघे १०१ भरले; आम्ही तुमचे कोण लागतों, हें त्यांना कोणीं विचारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.