चतकोर

कोल्हापुरात माया मोजायचं माप एकच : वाढप. दारात आलेल्याला 'कसे आहात?' हे नंतर; आधी 'जेवलासा काय?' पाहुण्यानं दुसऱ्यांदा तांबडा रस्सा नको म्हटला, की घरधनीण काळजीत पडते. अशा गावात आमच्या मोत्याला (लॅब्रॅडॉर, वय 6, वजन 42 किलो) डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'हिप डिस्प्लेशिया' असल्याचं सांगितलं.

म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही. सांधा सैल राहतो, घासतो, झिजतो. दोष बराचसा आनुवंशिक. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर अशा मोठ्या जातींत जास्त. गोळ्या आहेत, शस्त्रक्रियाही आहे. पण डॉक्टरांचं पहिलं औषध, वजन उतरवा. हे सांगताना त्यांनी माझ्याही पोटाकडे पाहिलं. पण जनावरांचे डॉक्टर असल्यामुळं गप्प राहिले.

आईनं निकाल दिला, "मुक्या जनावराला उपाशी मारतोस व्हय रे? पाप लागंल!"

उपाशी नव्हे, मोजून. पण प्रश्न खरा आहे. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. आपली दया त्या वाटीत आहे. आणि इथं वाटी काढून घेणं हीच दया!

अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या 24 जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, तेही जन्मभर. 2002 साली निष्कर्ष छापून आला : कमी खाणारी साधारण 2 वर्षं जास्त जगली आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठू शकली. भाकरीतला चतकोर ठेवा, 2 वर्षं मिळवा. एवढं व्याज आमच्या बँकेत नाही.

पण मुदत ठेव कुत्र्याला समजावणार कोण? त्याचं सगळं चालू खातं. साखरेपायी आईची जिलेबी बंद केली, तेव्हा ती 2 दिवस बोलली नाही. पण तिला कारण सांगता आलं. मोत्याला एवढंच कळतं, की काल अख्खी भाकरी होती, आज पाऊण आहे आणि देणारा हात तोच आहे.

मग हा हक्क आपल्याला दिला कोणी? मला वाटतं, त्याच्या पायांनी. ही जात माणसानं आपल्या हौसेनं घडवली. खुबा मात्र मोत्याचा दुखतो. जास्तीचं तूप घातलं की शेपटी त्याची हलते, सुखावतो आपला जीव. ज्याचं भलं करायचं, त्याच्याच नजरेत वाईट ठरायचं, आणि खुलासा कधीच करता यायचा नाही, ही माया तुपाच्या वाटीपेक्षा महाग पडते.

आई आता स्वतःच भाकरीचा चतकोर मोडून बाजूला ठेवते. मोत्यापुढं ताटली सारताना मात्र चष्मा काढते. म्हणते, "त्येचं डोळं दिसाय नकोत."